खात्यात १,६०० आले आणि अख्खं खातंच गोठलं, यात आत्याची चूक काय?

चुलत_पुणेकर (धागाकर्ता)

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली. माझ्या आत्याचं पुण्यात पेठेत पोळीभाजी केंद्र आहे, म्हणजे आधी नुसतं पोळीभाजी होतं, आता मागच्या खोलीत सहा टेबलं टाकून खानावळच झालीये. गिऱ्हाईक बहुतेक सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं. ८० रुपये ताट, २० ताटांचं कूपन घेतलं तर १,६००. पूर्वी सगळं वहीत असायचं, लॉकडाऊननंतर पोरांनीच काउंटरवर क्यूआर लावून दिला, मग तो बोलणारा डबा आला, आणि हळूहळू गल्ल्यात सुट्टे ठेवायची सवयच गेली.

तर मागच्या महिन्यात गॅसवाल्याने १९ किलोचे दोन सिलेंडर उतरवले, आत्या फोनवरून पैसे पाठवायला गेली तर फेल. परत फेल. तिला वाटलं नेट गेलंय. शेजारच्या किराणावाल्याकडून हातउसने घेऊन त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी बँकेत गेली तेव्हा कळलं की खात्याला डेबिट फ्रीझ लागलाय. का, तर परराज्यातल्या एका सायबर पोलीस ठाण्याची तक्रार आहे, फसवणुकीचे १,६०० रुपये फिरत फिरत तुमच्या खात्यात आलेत. बँकेतल्या साहेबांनी एका चिठ्ठीवर तक्रार क्रमांक आणि ठाण्याचं नाव खरडून दिलं, म्हणाले तिकडे बोला, आमच्या हातात काही नाही.

खात्यात होते १ लाख ४३ हजार. भांडण १,६०० चं.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे डेबिट फ्रीझ असला की पैसे जात नाहीत पण येत राहतात. डबा आपला दिवसभर ओरडतोय "ऐंशी रुपये प्राप्त झाले", आणि त्यातला एक रुपया हिला काढता येत नाही. दोन दिवस तिच्या लक्षातच आलं नाही की आपण आपल्याच हाताने आणखी पैसे त्या खड्ड्यात टाकतोय. तिसऱ्या दिवशी डब्याची वायर काढली आणि क्यूआरवर कॅलेंडरचं जुनं पान चिकटवलं.

माझा प्रश्न साधा आहे. ताट वाढणाऱ्या बाईने समोरच्या पोराचे पैसे कुठून आलेत हे तपासायचं तरी कसं? नोट खोटी वाटली तर उजेडाला धरून बघता येते, फाटकी असेल तर दुसरी दे म्हणता येतं. यूपीआयमध्ये तर समोरच्याने पाठवले की आलेच, "नको तुझे पैसे" म्हणायची सोयच नाही.

रोकडेश्वर

आमचं दुकान आहे कोल्हापुरात, हार्डवेअरचं. मी पहिल्यापासून सांगतोय रोख घ्या रोख. लोक हसायचे, आता बघा. क्यूआर म्हणजे घराचा दरवाजा उघडा ठेवून झोपण्यासारखं हाय, कोण येतंय काय टाकून जातंय पत्ताच न्हाई.

चुलत_पुणेकर

रोकडेश्वर, पटतंय हो, पण हल्ली पोरांच्या खिशात रोख नसतेच. सकाळी दहा रुपयांचा चहासुद्धा स्कॅन करून पितात. आत्याने "आज फक्त रोख" अशी पाटी लावली त्या दिवशी दुपारची तीस ताटं कमी गेली, पातेलंभर आमटी उरली.

काउंटर_नंबर_४

मी बँकेत आहे (कुठल्या ते विचारू नका). थोडं आमच्या बाजूने पण ऐका.

कोणीतरी फसतं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावतं किंवा सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकतं. लगेच ज्या खात्यात पहिल्यांदा पैसे गेले त्या बँकेला सिस्टीमवर निरोप येतो. पण भामटे पैसे एका जागी ठेवत नाहीत, दहा मिनिटांत त्याचे पाच तुकडे होऊन पाच खात्यांत, तिथून आणखी वीस. याला आम्ही लेयर म्हणतो, लेयर एक, लेयर दोन, असं. प्रत्येक बँक आपापल्याकडे आलेला तुकडा शोधते, त्यावर लीन लावते आणि पुढे कुठे गेला ते कळवते. तुमच्या आत्याचं खातं बहुधा चौथ्या-पाचव्या लेयरला असणार. तिथपर्यंत पोचता पोचता पैसे किराणा दुकानात, पंपावर, मोबाईल रिचार्जला गेलेले असतात. सिस्टीमला खातं दिसतं, त्यामागे आत्या आहे की भामटा हे दिसत नाही.

आता लीन आणि फ्रीझ यातला फरक. लीन म्हणजे तेवढे १,६०० बाजूला राखून ठेवणं, बाकी खातं चालू. फ्रीझ म्हणजे सगळंच बंद. चौथ्या लेयरला सोळाशेसाठी पूर्ण फ्रीझ लावायची गरज नसते हे खरं सांगायचं तर आमच्यातल्या सगळ्यांना माहितीये. पण उद्या त्या खात्यातून पैसे निघून गेले आणि पोलिसांनी विचारलं की का सोडले तर उत्तर कोण देणार? म्हणून डोकं न लावता सगळं बंद करायचं, ही सवय झालीये. चूक आहे पण कोणी कबूल करणार नाही. मी इथे टोपणनावाने करतोय.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे तुमची नोकरी वाचाव म्हणून बाईचा गॅस बंद! वा रे वा. बाप्पा, लग्नात एकाची चप्पल चोरीला गेली म्हणून सगळ्या वऱ्हाड्याइले अनवाणी घरी धाडता का तुम्ही?

काउंटर_नंबर_४

हसलो, पण उत्तर नाही माझ्याकडे.

सांजवात

सगळे बँकेला आणि पोलिसांना झोडपतायत म्हणून लिहितेय. माझ्या वडिलांना गेल्या वर्षी तो "डिजिटल अरेस्ट"चा, म्हणजे खोट्या पोलिसाचा फोन आला होता. पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर मुलांना शिस्त लावलेला माणूस, सहा तास खुर्चीवरून उठला नाही. बाथरूमला जायलासुद्धा त्या माणसाची परवानगी मागत होते, हे मला आईने नंतर सांगितलं, त्यांनी स्वतः आजपर्यंत नाही सांगितलं. ४ लाख ८० हजार गेले.

मी रात्री पोचले, १९३० ला फोन केला, आणि जे काही परत मिळालं, साधारण दोन लाख, ते फक्त आणि फक्त खाती गोठवल्यामुळे मिळालं. त्या लेयर का काय म्हणतात त्यातली दोन खाती वेळेत बंद झाली म्हणून. त्यात एखादं खातं कोणा दुकानदाराचं असेलही. मला त्याचं वाईट वाटतं, पण खरं सांगू, तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं देशातली सगळी खाती बंद करा.

चुलत_पुणेकर

सांजवात, वाचून गप्प झालो. तुमचं बरोबर आहे, गोठवूच नका असं माझं म्हणणं नाहीये. १,६०० गोठवा ना, आत्या स्वतः म्हणतेय ते पैसे ज्याचे असतील त्याला द्या. बाकीचे १ लाख ४१ हजार तिने पोळ्या लाटून कमावलेत.

वकिली_डोकं

थोडं कायद्याचं. कोणाला कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

खातं गोठवायचा अधिकार आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात तो कलम १०६ झाला. मूळ कलम "मालमत्ता जप्त करण्या"चं, चोरीची सायकल, भांडी, दागिने अशा विचाराने लिहिलेलं. बँक खातं ही त्या अर्थाने मालमत्ता धरायची का यावर हायकोर्टांची मतं वेगवेगळी होती, तो वाद १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिटवला, आणि प्रकरण आपल्याच महाराष्ट्र सरकारचं होतं बरं का. तेव्हा हो म्हणाले, धरा. १९९९ मध्ये यूपीआय कुठे होतं, ते आलं २०१६ ला. तेव्हा खातं गोठवणं म्हणजे एखाद्या लाचखोराचं खातं गोठवणं, हे चित्र डोळ्यासमोर होतं. आज तेच हत्यार कूपन विकणाऱ्या बाईवर चालतंय.

त्याच कलमात असंही आहे की जप्ती केली की पोलिसांनी ताबडतोब दंडाधिकाऱ्याला कळवायचं. हे कळवलंय का, हा प्रश्न आत्यांनी लेखी विचारायचा. माझ्या अनुभवात या एका प्रश्नानेच बऱ्याच फायली हलतात.

कोर्टांनी हे ओळखलेलं आहे. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की जेवढ्या रकमेचा वाद तेवढ्यापुरतंच खातं अडवा. दिल्लीत २०२४ मध्ये एका छोले-भटुरेवाल्याचं खातं १०५ रुपयांसाठी बंद झालं होतं, हायकोर्टाने खातं चालू करा आणि तेवढ्या रकमेवरच लीन ठेवा असं सांगितलं. १०५ रुपयांसाठी हायकोर्ट!

आता एक गंमत. १७५६ साली इंग्लंडमध्ये टपालगाडी लुटली गेली, त्यात बँक ऑफ इंग्लंडची एक नोट होती. लुटारूंकडून ती फिरत फिरत मिलर नावाच्या खानावळवाल्याकडे आली, त्याने बिचाऱ्याने धंद्यात सरळपणे घेतली. तो ती वटवायला बँकेत गेला तर रेस नावाच्या कारकुनाने नोट अडकवून ठेवली, म्हणाला चोरीची आहे. खटला झाला, १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डने निकाल दिला की नोट खानावळवाल्याची. सायकल चोरीची असेल तर मूळ मालकाला परत जाते, पण पैसा ज्याने प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेतला त्याचाच राहतो, नाहीतर बाजारच चालणार नाही. कायदा शिकताना आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात. अडीचशे वर्षांपूर्वी खानावळवाल्याला जे मिळालं ते आत्यांना अजून मिळायचंय.

रोकडेश्वर

मग मी काय म्हणत होतो! नोट होती म्हणून सुटला तो. रोख घ्या.

वकिली_डोकं

नोटच तर अडकवली होती हो.

बंगळुरी_मराठी

अवांतर आहे पण जोडीला सांगतो. २०२५ च्या जुलैमध्ये आमच्या इथे छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर दिसते म्हणून. आठवड्यात गल्लोगल्ली "नो यूपीआय, ओन्ली कॅश" पाट्या. माझा नेहमीचा इडलीवाला, ज्याच्याकडे पाच वर्षांत मी रोख दिलेली आठवत नाही, तो हात जोडून म्हणाला, सार, कॅश. तिथे कर होता, इथे गुन्हा आहे, विषय वेगळा, मान्य. पण फोन काढला की दुकानदाराचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय. आधी पाच वर्षं "डिजिटल व्हा" म्हणून मागे लागायचं, शुल्क नाही काही नाही, आणि सगळे आल्यावर मग खाती बघायची.

काउंटर_नंबर_४

शुल्क नाही यावरून आठवलं. यूपीआयवर २०२० च्या जानेवारीपासून दुकानदाराकडून काहीच घेता येत नाही. त्यामुळे अशा तक्रारी सोडवायला माणसं ठेवा म्हटलं की वरून उत्तर येतं, पैसे कुठून आणू. फुकट आहे म्हणून सगळे आले आणि फुकट आहे म्हणून काउंटरवर कोणी नाही.

वऱ्हाडी_ठेचा

फुकट काऊन? त्या डब्याचं भाडं कापतेच की महिन्याले.

पाणीपुरी_स्टॉल

आमच्याबरोबर सेम झालं होतं, नाशिकला. ५० रुपयांसाठी. पन्नास! सहा हप्ते खातं बंद. मी काय केलं तर दोन खाती केली, क्यूआरचं खातं वेगळं, रोज रात्री गाडी लावली की त्यातले सगळे पैसे दुसऱ्या खात्यात. त्या खात्याचा क्यूआर कोणाला दाखवायचाच नाही, तिथून मुलांची फी, भाजीवाल्याचे पैसे. आता गोठलं तर एका दिवसाचा गल्ला गोठेल. हे मला कुठल्या बँकवाल्याने नाही सांगितलं, बाजूच्या भेळवाल्याने सांगितलं.

सांजवात

हे भारी आहे. पण मग भामटेपण हेच करतात ना, रोज रात्री पैसे दुसरीकडे. मशीनला फरक कसा कळणार?

पाणीपुरी_स्टॉल

ताई तो विचार माझ्या डोक्यात नाय आला. आता झोप नाय लागणार 😅

संपादक मंडळ

धाग्यावर ठाण्याचं आणि बँकेचं नाव टाकलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. तक्रार क्रमांकाचे फोटोही टाकू नका. चर्चा चालू द्या.

चुलत_पुणेकर

अपडेट देतो. वकिली_डोकं यांनी सांगितलं तसं केलं. आधी त्या ठाण्याच्या फोनवर अकरा दिवस लावले, उचलत नव्हते, उचलला तर हिंदीत "साब बाहर हैं". मग इमेल पाठवली. खानावळीचा फूड लायसन्सचा कागद, शॉप अॅक्टचा कागद, कूपन बुकाचं स्थळप्रत पान ज्यावर त्या तारखेला १,६०० ची नोंद आहे, आणि शेवटी एक ओळ, "जप्तीबाबत दंडाधिकाऱ्यांना कधी कळवले ती तारीख द्यावी". चौथ्या दिवशी तपास अधिकाऱ्याचा स्वतः फोन. माणूस वाईट नव्हता, म्हणाला एका गुन्ह्यात दोनशेच्या वर खाती आहेत, मी एकटा बघतोय, तुमची फाईल उघडलीच नव्हती. पण म्हणाला, पैसे देणाऱ्या मुलाचं नाव सांगा.

आणि इथेच घोळ झालाय.

स्थळप्रतीवर नाव आहे. आत्याला पोरगा माहितीये, मराठवाड्यातला, दोन वर्षं तिच्याकडे जेवतोय, एकदा तिला ताप होता तर याने उभं राहून पोळ्या शेकल्यात. तिने त्याला बाजूला घेऊन विचारलं तर आधी काहीच बोलेना, मग रडायलाच लागला. टेलिग्रामवर कोणीतरी म्हणालं, तुझं खातं आठवडाभर वापरायला दे, ५ हजार मिळतील. याने पासबुक, एटीएम कार्ड, सिम सगळं दिलं. परीक्षा पुढे गेलेली, घरून पैसे मागायची लाज वाटत होती. आलेल्या पैशातून पहिलं काय केलं तर मेसचं कूपन भरलं.

आता बोला. नाव द्यायचं का?

वकिली_डोकं

द्यायचंच. त्याचं नाव पोलिसांकडे आधीच आहे, त्याच्याच खात्यातून पैसे आलेत ना. हे फक्त आत्या काय म्हणतात ते बघतायत. लपवलं तर साक्षीदाराऐवजी त्या उद्या भलत्याच जागी उभ्या राहतील. आणि त्या पोराला म्हणावं, बोलावणं यायची वाट बघू नकोस, वकील घेऊन स्वतः जा, ते चॅट डिलीट करू नकोस. खातं भाड्याने देणं हा खोडसाळपणा नाही, गुन्ह्यात मदत धरतात. सरकारी नोकरीची तयारी करतोय म्हणे, चारित्र्य पडताळणीला हे आडवं येईल, म्हणून आत्ताच.

सांजवात

मला या पोराचा प्रचंड राग यायला हवा. माझ्या वडिलांचे पैसे अशाच कोणाच्या तरी खात्यातून गेले. पण "पहिलं काय केलं तर मेसचं कूपन भरलं" हे वाचून काय लिहावं कळत नाही. नाव द्या. पण त्याच्याबरोबर कोणीतरी जा.

रोकडेश्वर

सिम कार्डासकट दिलं?? सिम?? आमच्या शेजाऱ्याला मी छत्री देत न्हाई.

वऱ्हाडी_ठेचा

हसू नका भाऊ. परीक्षेच्या तारखा चार-चारदा पुढे ढकलल्या की पोट्टे अजून काय करतीन. चूक आहेच, पन एकट्या त्याची नाही.

चुलत_पुणेकर

शेवटचं अपडेट. नाव दिलं, म्हणजे पोराने स्वतःच दिलं. आत्याचे मिस्टर त्याला घेऊन इथल्या सायबर पोलिसांकडे गेले होते, चार तास बसले, जबाब झालाय, पुढे काय होईल ते होईल, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आत्याचं खातं चालू झालं, पस्तिसाव्या दिवशी. ठाण्याकडून बँकेला मेल गेली तरी बँकेला ती "मिळाली नव्हती", तिसऱ्या चकरेला मिळाली. १,६०० वर लीन अजून आहे.

काउंटर_नंबर_४

अभिनंदन. लीन काढायला दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागेल, त्याच नव्या संहितेचं कलम ५०३.

वकिली_डोकं

बरोबर, पण कोर्ट परराज्यातलं. तिकीटच १,६०० च्या वर जाईल. नका करू.

पाणीपुरी_स्टॉल

दुसरं खातं उघडलं का आत्यांनी?

चुलत_पुणेकर

उघडलं, तुमच्या पद्धतीने. डबा परत लावलाय पण आवाज अगदी बारीक केलाय, म्हणते ओरडला की धस्स होतं. पोरगा अजून जेवायला येतो, रोख देतो, सुट्टे मोजून. आणि ते १,६०० तिने वहीत त्याच्या नावावर उधार मांडलेत, जुन्या वहीत, जी लॉकडाऊननंतर बंद केली होती.